येत्या रविवारपर्यंत इंजिन चालू

४ जानेवारी, रविवार

आज अण्णांचं इंजिन जळलं. म्हणजे मोटर जळली. इंजिन शाबूत आहे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. येताना दोन बॅगा आणि हे इंजिन घेऊन आले. वाफेच्या इंजिनाचं हुबेहूब मॉडेल, काळं, वीतभर लांब, विजेवर चालणारं. हॉलच्या कोपऱ्यात एका जुन्या दाराच्या फळीवर लंबगोल रूळ ठोकलेत, त्यावर फिरतं. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की अण्णा ते थोडा वेळ चालवतात. मी बाजूला पेपर वाचत बसतो. आम्ही बोलत नाही. बोलण्यासारखं काही नसतं.

आज तिसऱ्या फेरीला वास आला आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. अण्णांनी उलटं करून पाहिलं, मोटर गेली म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर घ्यायला उठले. मी त्यांना खाली बसवलं. या वयात, या डोळ्यांनी, इतकं बारीक काम. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही आता हात लावू नका, मी आहे ना.

ते म्हणाले, दरवर्षी तेलपाणी मीच करतो. मी म्हटलं, तेलपाणी वेगळं, मोटर वेगळी.

१ मार्चला त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. दरवर्षी त्यांचे तीन जुने मित्र येतात आणि इंजिन चालताना बघतात. म्हणजे भरपूर वेळ आहे. संकल्प: येत्या रविवारपर्यंत इंजिन चालू. उरलेल्या दिवसांत रंगाचा एक हात.

५ जानेवारी

कंपनीला फोन केला. ही मोटर बनवणं त्यांनी केव्हाच बंद केलं. तिच्यासोबतचा वर्म गिअरही बंद. फोनवरची मुलगी म्हणाली, सर, नवीन मॉडेल घ्या. मी तिला म्हटलं, ऑफिसात मी पर्यायी व्यवस्था हाच विषय बघतो. तिला ते कळलं नसावं.

अण्णा म्हणाले, माझ्या डोक्यात एक उपाय आहे. मी म्हटलं, सांगा सावकाश, आधी मला अभ्यास करू दे.

८ जानेवारी

अभ्यास झाला. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखा पिळाचा एक तुकडा असतो, तो वर्म. तो फिरला की खालचं दातेरी चाक फिरतं, दातेरी चाक आसावर, आसावर इंजिनाची चाकं. संपलं. लोक याचा एवढा बाऊ का करतात कळत नाही.

हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, मग बसव. नंतर अण्णांना समजावलं, आकृती काढून. अण्णा आयुष्यभर एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत होते, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आकृतीतलं चाक जरा अंड्यासारखं आलंय म्हणाले. मी म्हटलं, मुद्दा लक्षात घ्या.

११ जानेवारी, रविवार

इंजिन पूर्ण उघडलं. काम करायचं तर मुळापासून. चाकंसुद्धा आसावरून काढली. अण्णा मागून म्हणाले, चाकं काढू नका. तोवर निघाली होती.

एक स्प्रिंग उडाली. सोफ्याखाली, पडद्यामागे, हिच्या चपलेत, सगळीकडे पाहिलं. ती फारशी महत्त्वाची नसावी.

फळीवर आता सुटे भाग मांडलेत. पुठ्ठ्यावर 'हात लावू नये' लिहून समोर उभा केला. हिनं विचारलं, हे कोणासाठी. मी म्हटलं, सर्वसाधारण. घरात आम्ही तिघंच आहोत असं ती म्हणाली. अण्णांनी पुठ्ठा वाचला. पुन्हा एकदा वाचला आणि बाल्कनीत गेले.

रविवारपर्यंत चालू झालं नाही. पण रविवार अजून चार तास आहे.

१२ जानेवारी

झालं नाही. येत्या रविवारी नक्की.

१४ जानेवारी

नवी मोटर आली. लहानशी, चकचकीत, हातात घेतली तर जिवंत वाटते. फक्त हिचा दांडा जुन्यापेक्षा बारीक आहे. जुना वर्म त्यावर अंगठी सैल व्हावी तसा फिरतो. दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली. फरक फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

१५ जानेवारी

अर्धा मिलिमीटर म्हणजे बरंच असतं. चिकटपट्टीचा लगदा झाला. ऑफिसातून येताना घड्याळजीकडे गेलो. त्यानं मोटर कानाला लावली आणि म्हणाला, मी घड्याळं करतो. हे मला माहीत होतं.

१८ जानेवारी, रविवार

साडूचा फोन. साडू दातांचा डॉक्टर आहे. ताईनं, म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीनं, त्याला सगळं सांगितलेलं दिसतं. म्हणाला, माझ्याकडे भिंग आहे, बारीक ड्रिल आहेत, पाठवून द्या, अण्णा आणि मी बसून करू. शेवटी गिअरचेसुद्धा दातच, असंही म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. ही हसली. अण्णाही हसले. अण्णांच्या तोंडात आता खालचे चारच उरलेत, तरी मनापासून हसले. मला त्यात एवढं काय वाटलं नाही. आभार मानले आणि गरज पडल्यास कळवतो म्हटलं. पडणार नाही.

अण्णांची कवळी साडूच बसवणार आहे, तेव्हा त्याला तेवढं काम पुरे.

२१ जानेवारी

अण्णा हल्ली एका जागी बसत नाहीत. मी ऑफिसातून आलो की ते उठतात, फळीपाशी येतात, पुठ्ठ्याशी थांबतात, बाल्कनीत जातात, परत येतात. स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारतात, काही करायचं आहे का. ती म्हणते, बसा निवांत. मग बाल्कनी. मी त्यांना म्हटलं, काही वाचत जा. आज त्यांनी माझा पेपर माझ्याआधी वाचला, मला सुटी पानं मिळाली.

मलाही जरा अस्वस्थ वाटतं. ऑफिस आणि जेवण यांच्यामधला वेळ अंगावर येतो. कामाचा ताण.

२५ जानेवारी, रविवार

महत्त्वाची प्रगती. बारीक दांड्याचा नवा वर्म मिळवला. मात्र त्याचे पीळ आणि जुन्या चाकाचे दाते यांचं जमत नाही. फिरवलं की खडे चावल्यासारखा आवाज येतो. म्हणून चाकही नवं घेतलं. ते मोठं निघालं. कानशीनं घासून लहान करत होतो, ही म्हणाली दाते चाललेत. मग आणखी एक घेतलं. हे बरोबर आहे.

मोटर चौकटीत घट्ट बसावी म्हणून दोन नळ्या मिसळून लावायचा गोंद आणला. भरपूर लावला. आता ती इतकी घट्ट बसली आहे की उपटूनही निघणार नाही.

संध्याकाळी: गोंद बेअरिंगमध्ये गेला. मोटर फिरत नाही. अर्थात पहिली मोटर प्रयोगासाठीच होती. दुसरी मागवली.

२८ जानेवारी

अण्णांनी लहान स्क्रूड्रायव्हर मागितला. चष्म्याची काडी ढिली झाली होती. मी म्हटलं, आणा, मीच करतो, तुम्हाला कशाला त्रास. करून दिला. आता चष्मा डाव्या बाजूला थोडा उतरतो. अण्णा म्हणाले, चालेल.

ही नंतर मला म्हणाली, त्यांना स्क्रूड्रायव्हर द्यायचा होतास नुसता. मी म्हटलं, टोचला असता तर. ती काही बोलली नाही. हिचं हे काही न बोलणं अलीकडे वाढलं आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

अण्णा आठ दिवसांसाठी ताईकडे गेले, कवळीसाठी. निघताना फळीपाशी उभे राहिले. मी म्हटलं, परत याल तेव्हा इंजिन धावत असेल. ते म्हणाले, घाई नाही. त्यांचा आवाज जरा बसलेला वाटला. प्रवासाचा विचार.

बरं झालं. आता मागे कोणी उभं नाही. एकाग्र होऊन काम. संकल्प: रोज एक तास, पेपर नाही, फोन नाही.

२ फेब्रुवारी

काम झालं नाही. उद्या दोन तास.

५ फेब्रुवारी

हॉलमध्ये लक्षच लागत नाही. उठतो, पाणी पितो, बसतो, पुन्हा उठतो. बाल्कनीत जाऊन आलो. अण्णांच्या खुर्चीत बसून पाहिलं, तिथूनही जमलं नाही. ट्यूबलाइटमुळे असणार. ट्यूब बदलली.

६ फेब्रुवारी

ट्यूबलाइटमुळे नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिली मोटर छिन्नीनं फोडून काढली, दुसरी बसवली, गोंद बेताचा. वर्म आणि चाक यांच्यात नेमकं अंतर हवं. फार जवळ आले तर अडकतात, लांब गेले तर दाते सुटतात. कागदाचा कपटा मध्ये घालून जमवलं. सुरेख जमलं. हातात धरून मोटर चालवली तर दातेरी चाक लोण्यासारखं फिरलं.

मग इंजिनाची चाकं परत आसावर बसवली, चाकांना बाहेरून एकमेकांशी जोडणारे दांडे लावले आणि रुळावर ठेवलं. पाव इंच गेलं आणि अडकलं. पुन्हा केलं. पुन्हा पाव इंच. दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांशी भांडतात. डाव्या बाजूचं चाक उजव्या बाजूच्या चाकाशी काहीतरी विशिष्ट कोनात लागतं म्हणे. मी काढताना तो पाहिला नव्हता. अण्णांनी चाकं काढू नका म्हटलं होतं, पण का ते नीट सांगितलं नाही. माणसानं स्पष्ट सांगावं.

१२ फेब्रुवारी

ही म्हणते, अण्णांना फोन करून विचार. त्यांच्या तोंडात नवी कवळी, त्यांना कशाला बोलायला लावायचं. शिवाय आठ दिवस होऊन गेले, ते आले नाहीत. ताई म्हणते कवळी टोचते, आणखी थोडे दिवस राहू देत. साडू सोडत नसणार. त्याला माणसं जमवायची हौसच आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

फोन केला. तब्येतीची चौकशी करायला. कवळीमुळे अण्णांच्या 'स'ला शीळ वाजते. थोडं हवापाण्याचं बोललो. मग सहज विचारलं, समजा एखाद्याच्या इंजिनाची चाकं काही कारणानं निघाली, तर कोन कसा लावतात.

अण्णा लगेच म्हणाले, एका बाजूची खूण बारावर, दुसऱ्या बाजूची तीनवर, घड्याळातल्यासारखं. सगळ्या आसांना सारखंच. आवाज एकदम खणखणीत. मग म्हणाले, मी येऊ का उद्या? बसूया दोघं.

मी म्हटलं, नाही नाही, तुम्हाला वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. आणि कोन मला माहीतच होता, फक्त खात्री केली.

 ते बरं म्हणाले. फोन ताईकडे दिला.

१९ फेब्रुवारी

चाललं. बारा आणि तीन. ऑफिसला उशीर झाला पण चाललं. पूर्ण फेरी मारली, फक्त उलट्या दिशेनं. पुढे नॉब फिरवला की मागे जातं. दोन वायरींची अदलाबदल केली की संपलं, पोरखेळ.

संध्याकाळी: वायरींची अदलाबदल करताना मोटरचा, वायर जोडायचा पत्र्याचा कान तुटला. तिसरी मोटर मागवली. दुकानदार आता माझा आवाज ओळखतो. किती इंजिनं आहेत तुमच्याकडे, म्हणाला. मी म्हटलं, बरीच.

२२ फेब्रुवारी, रविवार

वाढदिवस ताईकडे करायचं ठरलं. मला न विचारता. मी म्हटलं, रूळ इथे आहेत, इंजिन इथे आहे. ही म्हणाली, अण्णा तिथे आहेत. ताईकडे लिफ्ट आहे, मित्रांचे गुडघे गेलेत वगैरे. ठीक आहे. फळीसकट सगळं घेऊन जाऊ. त्यानं प्रसंगाला उलट जास्त शोभा येईल.

दोन शब्द बोलावे लागतील. मुद्दे काढायला हवेत.

२६ फेब्रुवारी

तिसरी मोटर बसली. दिशा बरोबर. मात्र वरचं झाकण, म्हणजे इंजिनाचं काळं अंग, खाली बसेना. ही मोटर डोक्याला उंच आहे. आतून घासलं. आणखी घासलं. बॉयलरला पाठीवर एक भोक पडलं, वाटाण्याएवढं. काळ्या कागदाची चकती चिकटवून रंग दिला. लांबून कळत नाही. हिला दाखवलं. कुठून लांबून, असं तिनं विचारलं. मी दारापर्यंत गेलो. तिथून खरंच कळत नाही.

२८ फेब्रुवारी

संध्याकाळी शेवटची चाचणी. एक संपूर्ण फेरी. सावकाश, डौलात, वळणावर जरासा आवाज. ही स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली, हात पुसत. थांबल्यावर म्हणाली, अण्णांना फोन लाव, आवाज तरी ऐकू दे. मी म्हटलं, उद्या प्रत्यक्षच बघतील. दुसरी फेरी मारली नाही. उगाच झीज नको.

फार दिवसांनी भूक लागली.

१ मार्च, रविवार

टेम्पोनं फळी नेली. इंजिन मांडीवर घेऊन बसलो. ताईच्या हॉलमध्ये खिडकीपाशी एक टेबल होतं, ते मी आधी पाहिलेलं नाही. त्यावर साडूच्या दवाखान्यातलं एक जुनं, पायानं चालवायचं ड्रिल उघडून ठेवलेलं. अण्णा त्याच्यापुढे, कपाळावर साडूचं भिंग चढवून, हात काळे. तिन्ही मित्र भोवती खुर्च्या ओढून बसलेले. अण्णा त्यांना काहीतरी सांगत होते आणि 'स'ला शीळ वाजली की चौघंही हसत होते. इतकं बोलताना मी त्यांना आमच्या घरी कधी पाहिलं नाही.

चष्मा सरळ बसला होता. कोणी केला ते विचारलं नाही.

फळी मांडली. दोन शब्द बोललो. प्रयत्न, चिकाटी, पर्यायी व्यवस्था, असे मुद्दे होते. नॉब फिरवला. इंजिन निघालं, अर्धी फेरी चांगलं गेलं, वळणावर खडे चावल्यासारखा आवाज झाला आणि थांबलं. मग तो वास. पाठीवरची चकती गळून रुळावर पडली.

मी म्हटलं, इथला व्होल्टेज वेगळा दिसतो. कोणी काही म्हणालं नाही. साडूसुद्धा नाही. त्यानं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा उठून आले. इंजिन दोन्ही हातांत घेतलं, भोकातून आत पाहिलं, चाक अंगठ्यानं थोडं फिरवलं. म्हणाले, चाकं झकास लावलीत. मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मला विचारलं, बघू का जरा उघडून?

मी म्हटलं, नको अण्णा, आतली रचना आता वेगळी आहे, तुमच्या लक्षात यायची नाही. येत्या रविवारपर्यंत मी करतो.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला. इंजिन माझ्या हातात दिलं, सांभाळून. मग सगळ्यांनी चहा घेतला.

२ मार्च

व्होल्टेज पाहिला. सगळीकडे तोच असतो.

३ मार्च

 आज ऑफिसातून आलो तेव्हा ही अण्णांचे उरलेले कपडे बॅगेत भरत होती. अण्णा ताईकडेच राहणार आहेत. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, राहणार आहेत.

मी म्हटलं, इथे काही कमी होतं का. त्यांच्या इंजिनासाठी मी तीन मोटरी घालवल्या. कामाला हात लावू दिला नाही त्यांना, एवढं जपलं.

ती बॅगेची चेन लावत होती, थांबली. म्हणाली, मी त्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, जावईबापू मनानं चांगले आहेत, माझ्यासाठी किती खपले. पण मला दिवसभरात तेवढं एकच काम होतं गं.

एवढं सांगून ती पुन्हा चेन लावायला लागली. ती अडकत होती. मी पुढे झालो, करून देऊ का म्हणून. मग थांबलो. तिची तिनं लावली.

५ मार्च

ऑफिसातून उशिरा आलो. काम नव्हतं.

८ मार्च, रविवार

इंजिन उघडलं नाही. आहे तसं कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं. सोबत आधीच्या तिन्ही मोटरी, जुना वर्म, नवा वर्म, घासून बिघडवलेलं चाकसुद्धा, असू दे. कुठला स्क्रू आधी काढायचा याच्या सूचना एका कागदावर लिहायला घेतल्या होत्या. चौथ्या स्क्रूपर्यंत आलो आणि कागद फाडला.

साडू खोका न्यायला आला. बसला नाही, खाली गाडी होती. फळी दोघांनी मिळून उतरवली. लिफ्ट नाही म्हणून आमच्या जिन्याला नावं ठेवेल असं वाटलं होतं, ठेवली नाहीत. जाताना म्हणाला, अण्णांना काही निरोप?

मी म्हटलं, त्यांना सांगा, मोटरचा वरचा भाग उंच आहे, त्यामुळे आधी... मग म्हटलं, नको. ते बघतील.

तो निघाला. दोन पायऱ्या उतरला असेल. मी वरून म्हटलं, चालू झालं की मला एकदा बघायला बोलवा म्हणावं. मी नुसता पेपर घेऊन बसेन.

सांगतो म्हणाला. हसला नाही.